सोमदेव ६२ वर थांबला म्हणून पोराचं टेनिस थांबवायचं का?

नमस्कार भाऊ. तुमचा प्रश्न पूर्ण वाचला, आणि त्यातली काळजी मला रोज कोर्टाबाहेर खुर्च्यांवर बसलेल्या आईबापांच्या चेहऱ्यावर दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेतेरा वर्षांचा आहे, आठवीत आहे, नागपुरात आणि आसपासच्या जिल्ह्यांत अंडर फोर्टीनच्या दोन-तीन स्पर्धा जिंकलाय. एका कोचनं सांगितलं की आता रेग्युलर शाळा बंद करा अन् पुण्याला नाहीतर चेन्नईला फुलटाइम अकॅडमीत टाका. घरी वहिनी नाही म्हणतायत. आणि तुम्ही आपला टेनिसपटू सोमदेव देववर्मनचं करिअर वाचून गोंधळलात, की एवढा मेहनती माणूस, एवढं करूनही रँकिंग ६२ च्या वर गेलं नाही, एटीपीचं (पुरुषांच्या प्रो टेनिसची संघटना) एकही सिंगल्स टायटल नाही, खांदा गेला, एकतिसाव्या वर्षी रिटायर, मग आपल्या पोट्ट्याला या वाटेवर घालायचंच कशाला.

मी नागपुरातच खेळून मोठा झालो, युनिव्हर्सिटीकडून खेळलो आणि बरीच वर्षं इथंच शिकवतोय. माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकात अडकल्यात. एक, सोमदेवचं करिअर यशस्वी म्हणायचं की नाही. दुसरी, साडेतेराव्या वर्षी शाळा सोडायची की नाही. पहिलीचं उत्तर नीट कळलं की दुसरीचं बरंचसं सुटतं, कारण सोमदेवचं करिअर हे शाळा न सोडण्याच्या बाजूचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे.

आधी ६२ म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे बॅडमिंटन, क्रिकेटमुळं सवय झालीय की पहिल्या दहात नाही तर काही नाही. टेनिस जवळपास प्रत्येक देशात खेळतात आणि रँकिंग दर आठवड्याला बदलतं. कॉम्प्युटर रँकिंग १९७३ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून आपले पुरुष सिंगल्सवाले आठवून बघा. विजय अमृतराज १८ पर्यंत गेले, रमेश कृष्णन २३ पर्यंत. त्यानंतर लिएंडर पेस ७३, सोमदेव ६२, युकी भांबरी ८३, प्रज्ञेश गुणेश्वरन ७५, सुमित नागल ६८. म्हणजे रमेश कृष्णन यांच्यानंतर इतक्या वर्षांत सिंगल्समध्ये सोमदेवच्या वर आपला एकही मुलगा गेलेला नाही. हे वाचून मग सांगा, ‘६२ वरच थांबला’ मधला तो ‘च’ बरोबर आहे का.

आणि टायटल नाही म्हणता, तर जानेवारी २००९ चं चेन्नई ओपन बघा. वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी रँकिंग न बघता दिलेल्या जागेवर आलेला, रँकिंग दोनशेच्या आसपास, आणि पोरानं कार्लोस मोयाला हरवलं, इवो कार्लोविचला हरवलं, फायनलला गेला, तिथं मरिन चिलिचकडून हरला. २०११ मध्ये जोहान्सबर्गला परत फायनल, केव्हिन अँडरसनकडून हार. त्याच वर्षी इंडियन वेल्सला बगदातिसला हरवून चौथ्या राउंडला गेला, तिथं समोर नदाल होता. २०१० मध्ये दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये सिंगल्सचं गोल्ड, ग्वांगझूच्या एशियन गेम्समध्ये सिंगल्सचं गोल्ड आणि सनम सिंगबरोबर डबल्सचंही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चेन्नईला ब्राझीलविरुद्ध डेव्हिस कप, म्हणजे देशादेशांतली पाच मॅचेसची लढत, आपण ०-२ नं मागं होतो, डबल्स जिंकून १-२ झालं आणि चौथी मॅच सोमदेवची, समोर थॉमाझ बेलुची. पहिला सेट टायब्रेकला जिंकला आणि दुसऱ्यात ४-० झालं तेव्हा बेलुचीला तो उकाडा सहन होईना, त्यानं मॅच सोडली. मग बोपण्णानं पाचवी जिंकली आणि आपण ३-२ नं ती लढत काढली. ही मॅच मी माझ्या मुलांना मुद्दाम सांगतो, कारण सोमदेवकडे मोठी सर्व्हिस नव्हती, एका फटक्यात पॉइंट संपवणारा फोरहँड नव्हता, त्याच्याकडे पाय होते, दम होता आणि एक बॉल जास्त परत करायची तयारी होती. उंची जेमतेम पाच फूट अकरा. बापानं पोराला शिकवायचं असेल तर यातून हे शिकवावं.

आता वय बघा, खरी गोष्ट इथं आहे. सोमदेवचा जन्म फेब्रुवारी १९८५ चा. शाळा झाल्यावर तो अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियाला गेला, कॉलेजकडून खेळला, सोशिऑलॉजीची डिग्री घेतली. २००६ मध्ये एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) सिंगल्स फायनल हरला, २००७ मध्ये जिंकला, २००८ मध्ये परत जिंकला, आणि त्या शेवटच्या सीझनचा त्याचा रेकॉर्ड होता ४४ विजय आणि एक पराभव. २००७ च्या फायनलमध्ये ज्याला हरवलं तो जॉन इस्नर, जो पुढं जगात आठवा झाला. जोहान्सबर्गला ज्यानं सोमदेवला हरवलं तो अँडरसनही कॉलेजचाच खेळाडू, आणि तो पुढं यूएस ओपन आणि विम्बल्डन दोन्हींच्या फायनलला गेला. म्हणजे सोमदेव पूर्णवेळ प्रो झाला तेविसाव्या वर्षी, आणि तीन वर्षांत, जुलै २०११ मध्ये, ६२ वर पोचला. कॉलेजला गेला म्हणून त्याचं टेनिस मागं पडलं नाही, उलट चार वर्षं दर आठवड्याला टीमसाठी प्रेशरच्या मॅचेस, जिम, फिजिओ, प्रवास, हे सगळं स्कॉलरशिपवर मिळालं. ते फ्युचर्सच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या प्रो स्पर्धांत स्वतःच्या खिशातून करायचं म्हटलं तर घर विकावं लागतं.

याच्या उलट बाजूला युकी भांबरी. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन ज्युनियर जिंकला, ज्युनियरमध्ये जगात एक नंबर, तेव्हा वय सोळा. गुणवत्तेबद्दल शंकाच नाही, आणि तरी सिंगल्समधलं त्याचं बेस्ट रँकिंग ८३, तेही २०१८ मध्ये, मधली कितीतरी वर्षं दुखापतींनी खाल्ली. मी युकीचं चुकलं असं अजिबात म्हणत नाही, तो आज डबल्समध्ये मस्त खेळतोय. मुद्दा एवढाच की ज्युनियर वर्ल्ड नंबर वनलाही पहिल्या शंभरात यायला इतकी वर्षं लागू शकतात, तर विदर्भातल्या अंडर फोर्टीनच्या दोन ट्रॉफ्यांवरून आयुष्याचा निर्णय घेता येत नाही. प्रज्ञेशचं घ्या, गुडघ्यांच्या दुखण्यातून परत आला आणि ७५ वर पोचला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. हा खेळ आता लवकर पिकणाऱ्यांचा राहिलेला नाही.

खांद्याबद्दल तुम्ही विचारलंय. सोमदेवचा खांदा नेमका कशानं गेला ते बाहेरून सांगणं बरोबर नाही, पण परिणाम काय झाला ते समजून घ्या. एटीपीचं रँकिंग मागच्या ५२ आठवड्यांच्या पॉइंट्सवर चालतं. तुम्ही घरी बसलात की मागच्या वर्षी कमावलेले पॉइंट्स आठवड्याआठवड्यानं गळत जातात, नवीन येत नाहीत. २०१२ मधले कितीतरी महिने त्याचे असेच गेले आणि रँकिंग कितीतरी शेकड्यांनी घसरलं. प्रोटेक्टेड रँकिंग म्हणून एक सोय असते, तिनं काही स्पर्धांत प्रवेश मिळतो, पण प्रवेशच मिळतो, पॉइंट्स परत मॅच जिंकूनच आणावे लागतात. तिथून तो परत आला, २०१३ च्या फ्रेंच ओपनमध्ये पहिला राउंड जिंकून फेडररसमोर उभा राहिला, २०१४ आणि २०१५ मध्ये दिल्लीचं चॅलेंजर (एटीपीच्या मुख्य स्पर्धांच्या खालची पायरी) जिंकलं, आणि १ जानेवारी २०१७ ला थांबला. नंतर क्रीडा मंत्रालयानं टेनिससाठी नॅशनल ऑब्झर्व्हर नेमलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. मला तरी यात वाया गेलेलं काही दिसत नाही.

पैशाचं मात्र स्पष्ट बोलायला पाहिजे, कारण कोच लोक ते बोलत नाहीत. सगळ्यात खालची आंतरराष्ट्रीय पुरुषांची स्पर्धा म्हणजे एम फिफ्टीन, एकूण बक्षीस १५ हजार डॉलर. ती पूर्ण स्पर्धा जिंकली तर सिंगल्सचे मिळतात २,१६० डॉलर, म्हणजे टॅक्स कापायच्या आधी दोन लाखांच्या आत-बाहेर. पहिल्या राउंडला हरलात तर साधारण दीडशे डॉलर, त्यात हॉटेलही निघत नाही. दुसऱ्या टोकाला २०२५ च्या विम्बल्डनमध्ये मेन ड्रॉच्या, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या, पहिल्या राउंडला हरणाऱ्यालाही ६६ हजार पौंड होते. या दोन टोकांच्या मधल्या जागेत शेकडो उत्तम खेळाडू वर्षानुवर्षं अडकून राहतात. सोमदेव ६२ वर होता म्हणजे ग्रँड स्लॅमच्या मेन ड्रॉमध्ये सरळ प्रवेश मिळणाऱ्यांत होता, ती साधारण पहिल्या शंभराची रेघ ओलांडून गेलेला होता. म्हणून म्हणतो, ६२ ला कमी लेखू नका, आणि तिथं पोचायचं गृहीत धरून घरचा हिशोबही मांडू नका.

आता तुमच्या पोराकडे येतो. यातलं बरंच काही परिस्थितीवर आहे, तुमच्याकडे किती पैसा आहे, पुण्यात राहायला नातेवाईक आहेत का, वहिनी सोबत जाऊ शकतात का, मुलाला स्वतःला जायचंय का. मी त्याला खेळताना बघितलेलं नाही, त्यामुळं तो किती चांगला आहे यावर मी बोलणार नाही. पण नागपूरच्या मुलांचं एक दुखणं मला पक्कं माहितीय आणि ते कोचिंगचं नाही. रामनगरला कोर्ट चांगले आहेत, सकाळी साडेपाचला मुलं येतात, मेहनत करतात, आपल्याकडच्या उन्हात वाढलेल्या पोरांचा दमही चांगला असतो. कमी आहे ती समोरच्या माणसाची. तेच सहा-सात मुलं एकमेकांशी वर्षभर खेळतात, प्रत्येकाला दुसऱ्याचा बॅकहँड पाठ असतो, आणि मग पुण्याला बालेवाडीला पहिल्याच राउंडला एखादा डावखुरा वेगळा स्पिन घेऊन आला की सगळं गणित बिघडतं. आपली दिव्या देशमुख नागपूरची, २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली, आपल्या सगळ्यांना तिचा अभिमान आहे, पण बुद्धिबळात घरी बसून कॉम्प्युटरवर जगातल्या कोणाशीही खेळता येतं. टेनिसमध्ये समोरचा माणूस जाळीच्या पलीकडे प्रत्यक्ष उभा लागतो.

यावर शाळा सोडणं हा एकच उपाय नाही. साडेतेरा वर्षांच्या मुलाला मी आधी वरच्या गटात खेळवतो, अंडर सिक्स्टीनमध्ये, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस युनिव्हर्सिटीच्या मुलांशी सेट खेळायला लावतो, भले ६-१ हरू दे. आयटाच्या (अखिल भारतीय टेनिस संघटना) टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीजच्या स्पर्धा निवडताना फक्त पॉइंट्स कुठं सोपे मिळतील ते बघू नका. रायपूर, इंदूर, पुणे, मुंबई असं फिरवा, सुट्ट्यांमध्ये सलग तीन-चार आठवडे बाहेर खेळवा. माझा अंदाजपट्टीचा नियम असा की एका हारेमागं साधारण दोन विजय असावेत. सगळंच जिंकतोय तर गट सोपा झालाय, सगळंच हरतोय तर लवकर वर ढकललंय. आयटीएफ ज्युनियर, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मुलांच्या स्पर्धा, तेरा पूर्ण झाल्यावर खेळता येतं, पण या वयात वर्षाला किती खेळायचं यावर मर्यादा असते आणि ती चांगलीच आहे. घाई करू नका, पंधरा-सोळाव्या वर्षी जे थर्टी, जे सिक्स्टी अशा खालच्या ग्रेडच्या स्पर्धांपासून सुरू केलं तरी उशीर होत नाही.

अजून एक, आणि हे फार महत्त्वाचं आहे. चौदाच्या आतल्या टेनिसमध्ये ज्याची उंची आधी वाढते तो जिंकतो. माझ्याकडे असे मुलं आले की बाराव्या वर्षी मिशी फुटायला लागलेली, सर्व्हिसला कोणी हात लावू शकत नव्हतं, आणि सोळाव्या वर्षी बाकीचे तेवढेच उंच झाले तेव्हा यांच्याकडे दुसरी सर्व्हिस नव्हती, स्लाइस नव्हता, नेटवर यायची सवय नव्हती. उलट काही बारकी पोरं त्या वयात मार खात होती, पण बॉल कुठं मारायचा ते शिकत होती. तेव्हा तुमचा मुलगा का जिंकतो ते बघा. तो ४-४, ३०-४० ला सेकंड सर्व्ह पूर्ण हात फिरवून मारतो की नुसती ढकलतो? हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोण कोणाला उठवतं, तुम्ही त्याला की तो तुम्हाला? मी ट्रॉफ्यांपेक्षा या दोन गोष्टींकडे जास्त बघतो.

शरीराचंही सांगतो. तेरा ते पंधरा हा हाडं वाढायचा काळ. गुडघ्याच्या खालच्या उंचवट्यावर दुखणं, टाच दुखणं, कमरेत खालच्या बाजूला दुखणं, यातलं काहीही दोन आठवडे टिकलं तर ‘वाढतं वय आहे’ म्हणून सोडू नका, स्पोर्ट्सच्या डॉक्टरला दाखवा. कमरेचं तर अजिबात सोडू नका, सर्व्हिसला मागं वाकून वाकून मणक्याला बारीक फ्रॅक्चर होऊ शकतं. फुलटाइम अकॅडमीत रोज पाच-सहा तास बॉल मारायला लावतात ते याच वयात सगळ्यात धोक्याचं. रॅकेटला कडक पॉलिएस्टर तार घातली असेल तर काढून मऊ मल्टिफिलामेंट घाला, त्याला अजून त्या स्पिनची गरज नाही, कोपर आणि खांदा मात्र त्याला अजून वीस वर्षं वापरायचाय.

शाळेचं आता. वहिनींचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्यांना सांगा की एक टेनिस कोचही तेच म्हणतोय. अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसचा रस्ता उघडा ठेवायचा तर एनसीएए नववी ते बारावीचे विषय आणि मार्क बघते. म्हणजे तुमच्या पोराचं येतं वर्षच त्यात मोजलं जाणार. आठवीत शाळा सोडली, नववी-दहावी कशीबशी काढली आणि बारावीला जाग आली की मागचे मार्क परत आणता येत नाहीत. अटेंडन्सची अडचण असेल तर आधी शाळेशी बोला, हेडमास्तरांना स्पर्धांचं वर्षभराचं कॅलेंडर नेऊन द्या, बऱ्याच शाळा समजून घेतात. अगदीच जमलं नाही तर ओपन स्कूलिंग आहे, पण मग घरी शिकवायला कोणीतरी पाहिजे आणि घेतलेले विषय एनसीएएच्या नियमात बसतात का ते आधी तपासायला पाहिजे. बारावीनंतर वर्ष-दोन वर्षं गॅप घेऊन खेळायचं किंवा बक्षिसाची रक्कम घ्यायची तर त्याचेही नियम आहेत, आणि ते अलीकडे बदलतायत, म्हणून कोणाच्या ऐकीव सांगण्यावर जाऊ नका. कॉलेजचे कोच आयटाचं रँकिंग फारसं बघत नाहीत, ते यूटीआर (मॅचच्या निकालांवरून खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) बघतात, म्हणून स्पर्धांचे निकाल त्यात नीट नोंदले जातायत ना ते बघत जा.

हेच मुलीच्या बापानं विचारलं असतं तर मी या रस्त्याबद्दल अजून जोर देऊन बोललो असतो, कारण वर्षानुवर्षं डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, मुलींच्या टीमला आठ पूर्ण स्कॉलरशिप आणि मुलांच्या टीमला साडेचारच, त्याही वाटून, अशी पद्धत होती. आता नियम बदललेत, पण मुलांसाठी चुरस जास्तच आहे, त्यामुळं अभ्यासाच्या मार्कांवर मिळणारी मदतही हिशोबात धरा.

तर थोडक्यात माझं मत असं, पुण्याला पाठवायला माझा विरोध नाही, पण आत्ता नाही आणि शाळा सोडून तर नाहीच. दहावीपर्यंत नागपूर बेस ठेवा, सुट्ट्यांत बाहेरच्या कॅम्पला आणि स्पर्धांना पाठवा. सोळाव्या वर्षी परत बसून बघा, तेव्हा तो अंडर एटीनमध्ये देशातल्या चांगल्या मुलांशी तीन सेट खेळू शकतोय का, शरीर टिकतंय का, आणि त्याला अजूनही खेळायचंय का. तिन्हीला हो असेल तर अकरावीसाठी शहर बदलायचा विचार करा, तेव्हा मी स्वतः कोणत्या प्रकारची अकॅडमी बघायची ते सांगीन. आणि ज्या कोचनं शाळा सोडा म्हटलं त्यांना एकच विचारा, तुमच्याकडची शाळा सोडलेली मुलं आज अठरा-वीस वर्षांची काय करतायत. चांगला कोच असेल तर राग न मानता नावानिशी सांगेल.

पुढचं नेमकं सांगायला मला काही गोष्टी लागतील. मुलाची मागच्या वर्षभरातली उंची किती वाढली, आईबापांची उंची, नागपूरबाहेर खेळलेल्या स्पर्धांचे स्कोअर, हरलेल्या मॅचेसचे पण, आणि आठवड्यात किती तास खेळतो, किती दिवस सुट्टी. शक्य असेल तर बाजूनं काढलेला सर्व्हिसचा एक व्हिडिओ, दोन्ही सर्व्हिस, मॅचमधल्या, प्रॅक्टिसमधल्या नको. हे पाठवा, मी बघून लिहितो.